चावीवाल्याची उपडी पिंपं

वीरभद्र नगरात येऊन तुम्ही त्रिंबक सर्वगोड कुठे राहतात असं विचारलंत, तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. चावीवाले कुठे राहतात असं विचारलंत, तर मात्र कोणीही तुम्हाला थेट दारापर्यंत आणून सोडेल, आणि आलोच आहोत तर म्हणून आत डोकावून विचारूनही घेईल, "पाणी कवा सुटणार ओ?"

सोलापुरात नळाला पाणी चार दिवसांआड येतं. बाकीच्या जगात लोक वार मोजतात, आमच्याकडे पाणी मोजतात. पाहुणा किती दिवस राहणार, तर "हे पाणी करून जातो म्हणला." त्यामुळे जो माणूस पाणी सोडतो त्याचा मान मोठा. त्रिंबकराव गेली तीस वर्षं वीरभद्र नगरचं पाणी सोडत होते. त्यांची चावी खिशात मावणारी नव्हे. पुरुषभर उंचीची लोखंडी कांब आणि तिच्या डोक्यावर आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण काढायचं, कांब खाली व्हॉल्व्हवर बसवायची, पहाटे साडेपाचला फिरवून उघडायची, साडेसातला बंद करायची. मग कांबेला कान लावायचा. पाणी कुठवर पोचलं, कुठे गळतंय, कोण चोरून मोटर लावून ओढतंय, हे सगळं त्यांना त्या लोखंडातून ऐकू यायचं. बायकोचं बोलणं मात्र दोनदा सांगावं लागायचं, पण ते सगळ्याच नवऱ्यांचं असतं.

तीस वर्षांत त्यांनी वेळ मिनिटभरही इकडची तिकडे केली नव्हती. एका नगरसेवकाने पोरीच्या हळदीसाठी एक दिवस आधी पाणी सोडायला सांगितलं, तेव्हा हे म्हणाले होते, "हळद एक दिवस म्होरं ढकला की साहेब." त्या उत्तरापायी दोन वर्षं बढती अडली. त्रिंबकरावांना त्याचं दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं. तीस वर्षांत त्यांच्याशी कोणी दुसरं काही बोललंच नव्हतं. लग्नात गेले तर अक्षता पडायच्या आत पाण्याची चौकशी, मयतीला गेले तर तिरडी बांधता बांधता चौकशी. त्यांचे स्वतःचे वडील वारले तेव्हा अख्खी गल्ली समाचाराला आली. दोन मिनिटं सगळे खाली मान घालून बसले, आणि मग कोणीतरी घसा खाकरून म्हणालं, "लई वाईट झालं. मग उद्याची चावी कोण फिरवणार?"

अशा माणसाच्या हातात मोबाइलवरचा बंदुकांचा खेळ आला, तो मुलीमुळे. उत्कर्षा त्यांची एकुलती एक मुलगी. घरून काम करायचं म्हणून तिने घरात इंटरनेट घेतलं, राउटर बसवून घेतला, आणि वर्षभरात नोकरीसाठी पुण्याला गेली. जाताना जुना मोबाइल बापाला देऊन गेली. त्यात एक खेळ होता. चार जणांच्या टोळ्या विमानातून एका बेटावर उतरतात, बंदुका गोळा करतात, आणि शेवटी जी टोळी जिवंत राहील ती जिंकते. त्रिंबकरावांनी तो खेळ काढून टाकण्यासाठी उघडला आणि जेवणाची वेळ होईपर्यंत बेटावरच राहिले.

खेळाने नाव विचारलं. डोळ्यासमोर दुसरं काही येईना, म्हणून त्यांनी 'मेन व्हॉल्व्ह' असं टाकलं. बरोबरच्या पोरांना वाटलं, काहीतरी जबरदस्त इंग्रजी नाव आहे. ती त्यांना 'मेनभाई' म्हणायला लागली. नेम त्यांचा बेताचाच होता, पण कान अस्सल होता. इयरफोन लावून गवतात पडून राहायचे आणि शत्रूची पावलं इतरांच्या आधी दहा सेकंद ऐकायचे. मग टोळीला लिहून कळवायचे, "उजवीकडे विहीर. दोघे." बोलायचे मात्र कधीच नाहीत. चोपन्न वर्षांचा आवाज ऐकला तर पोरं पळून जातील म्हणून "माइक खराब आहे" असं पहिल्याच दिवशी लिहून मोकळे झाले होते.

टोळीत एक सांगोल्याचा होता, एक अकलूजचा, आणि कॅप्टन होती प्रतिक्षा. ती इतकं टापटीप, इंग्रजी पेरून बोलायची की त्रिंबकरावांनी तिला पुण्याची ठरवून टाकलं होतं. रोज संध्याकाळी ती विचारायची, "मेनभाई आले का? त्यांच्याशिवाय सुरू नको करूया." हे वाक्य त्रिंबकराव दिवसभर पुरवून पुरवून आठवायचे. कोणीतरी त्यांची वाट बघत होतं, आणि त्या माणसाला पाणी नको होतं.

पण सुख फार टिकलं तर त्याला सुख कोण म्हणेल? मधेच इंटरनेट रुसायचं. या खेळात पिंग नावाची एक चीज असते. आपण गोळी झाडली ही खबर खेळाच्या मुख्य यंत्राकडे जाऊन परत यायला जो वेळ लागतो, तो पिंग. तो आकडा चाळीसच्या आसपास असला की माणूस जगतो. तीनशेवर गेला की आपण मेलो ही बातमीसुद्धा आपल्याला उशिरा कळते. त्रिंबकराव रोज उशिरा कळून मरायला लागले.

इंटरनेट कंपनीचा माणूस म्हणजे संगमेश. त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं. "बंद करून चालू करा काका." बंद करून चालू केलं. मग त्याने राउटर उंच फळीवर ठेवायला लावला. शेजाऱ्यांनीही सल्ल्यात हात आखडता घेतला नाही. कोणी ताट मागे उभं करायला सांगितलं, कोणी लिंबू-मिरची बांधायला. रंभाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, धूळ बसते म्हणून राउटरवर टॉवेल घातला होता, तोही निघाला. त्रिंबकरावांनी बायकोकडे असं बघितलं, जणू इतके दिवस तिनेच शत्रूला रसद पुरवली होती. टॉवेल निघूनही पिंग हलला नाही.

बाहेरच्या खोलीत, राउटरच्या पायथ्याशी बसून का खेळत नव्हते, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. चावीवाल्याच्या बाहेरच्या खोलीत पाच मिनिटं बसून बघा. दर दोन मिनिटांनी दारातून एक डोकं आत येतं आणि पाणी विचारतं. एकदा तर त्या नादात मेनभाई उभ्या उभ्या गारद झाले होते. म्हणून ते मागच्या खोलीत बसायचे. पुढच्या आणि मागच्या खोलीच्या मधे एक बोळकांडी, तिथेच नळ, आणि नळाजवळ भिंतीसारखी रचलेली चार मोठी पिंपं.

नोकरीची सवय म्हणून त्यांनी एक वही घातली. रोजचा पिंग लिहायचा, बाजूला पाण्याची पाळी लिहायची. दुसऱ्या कोणी तारीख लिहिली असती, आणि तिथेच सगळं फसलं असतं. महिन्याभराने वही चाळताना त्यांचा हात थांबला. पाण्याच्या आदल्या दिवशी पिंग चाळीस. पाणी भरलं की तीनशे. पिंपं जसजशी रिकामी होतील तसतसा खाली, आणि परत पाणी आलं की परत तीनशे. त्यांनी संगमेशला फोन केला. तो आधी पोट धरून हसला. मग तासाभराने त्याचाच फोन आला.

"खरंय काका. पाणी सिग्नल खातंय. मी वाचून बघितलं."

"मग राउटर मागं घे की."

"नवीन वायर लागंल. साहेबांना विचारून सांगतो."

साहेबांना विचारून सांगतो म्हणजे काय, हे तीस वर्षं सरकारी पगार घेतलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती.

एवढ्यात जिल्ह्याची स्पर्धा आली. जिंकणाऱ्या टोळीला पाठीवर नाव छापलेले टी-शर्ट मिळणार होते. पोरं एकेक फेरी जिंकत गेली. उपांत्य फेरी नेमकी भरल्या पिंपांच्या दिवशी आली आणि मेनभाई तीनदा जागच्या जागी गोठले. टोळी कशीबशी वाचली. त्यानंतर प्रतिक्षा म्हणाली, "मेनभाई, राग मानू नका. फायनलला पुन्हा नेट गेलं, तर पुढे आपण दुसरा प्लेयर घेऊ. आणि फायनलला माइक कम्पल्सरी आहे, नवा घ्या." अगदी गोड आवाजात सांगितलं. गोड आवाजात सांगितलेलं जास्त लागतं. त्रिंबकराव त्या संध्याकाळी दोन घासही जेवले नाहीत.

फायनल रविवारी संध्याकाळी पाच वाजता. पाण्याची पाळी रविवारी पहाटे. म्हणजे पाच वाजता चारही पिंपं गळ्यापर्यंत भरलेली असणार. चावी दाराआड उभी होती. पहाटेऐवजी संध्याकाळी सातला फिरवली तर कोण विचारणार होतं? त्रिंबकरावांनी हा विचार केला, हे खोटं कशाला बोला. दोन दिवस केला. पण ज्या चावीने नगरसेवकाची हळद पुढे ढकलली, ती आपल्या खेळासाठी उशिरा फिरवायची, हे काही त्यांच्या मनाला पटेना. शेवटी त्यांनी दुसरा मार्ग काढला. गल्लीचं पाणी वेळेवर सोडायचं, आपल्या घरचं तेवढं भरायचं नाही.

समोर राहणाऱ्या चन्नम्मांच्या घराखाली मोठा हौद होता. साठी उलटलेल्या बाई, अक्कलकोटकडच्या, जिभेने तिखट, पण मागितलं तर नाही म्हणणाऱ्यातल्या नव्हेत. संध्याकाळी सहाला त्यांच्या हौदातून पाइप टाकून पिंपं भरून घ्यायची असं ठरलं. रंभाबाई तयार झाल्या, पण बोलून घेतल्याशिवाय नाही. "पोरं खेळायच्या वयात खेळली न्हाईत त्यांचं आसं हुतंय," त्या म्हणाल्या.

रविवारी पहाटे साडेपाचला पाणी सुटलं. मिनिटभरही उशीर नाही. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण रंभाबाईंच्या हाती कित्येक वर्षांनी चारही पिंपं एकदम रिकामी सापडली होती. कोणती बाई अशी संधी सोडेल? त्यांनी ती घासली, विसळली, आणि उन्हाला म्हणून दारापुढे रस्त्यावर ओळीने उपडी घातली.

पाण्याच्या दिवशी चावीवाल्याच्या दारात चार पिंपं उपडी. गल्लीने हे बघितलं आणि गल्ली थांबली. शेजारणीने विचारलं, "का ओ, भरत न्हाय व्हय आज?" नवरा बंदुकांचा खेळ खेळतो हे रंभाबाई कोणत्या तोंडाने सांगणार? त्या म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलंय, आज भरायचं न्हाय म्हणून."

शब्द न् शब्द खरा होता, आणि त्यानेच घात केला. वाऱ्याला लागतो त्याहून कमी वेळात बातमी गल्लीच्या टोकाला गेली. चावीवाल्याने स्वतः भरलं नाही, म्हणजे आतली खबर आहे. उद्यापासून रोज पाणी. कोणी सांगितलं? चावीवाल्याने. कोणाला? बायकोला. बायकोशी कोण खोटं बोलतं? हा प्रश्न लग्न झालेल्या माणसांनीही विचारला नाही, एवढा सगळ्यांना आनंद झाला होता. मग वीरभद्र नगराने तीस वर्षांचा सूड उगवला. ज्यांनी पिंपं भरली होती त्यांनी ती रस्त्यावर ओतली. रिक्षा धुतल्या, चादरी धुतल्या, अंगणं धुतली, एकाने तर विजेचा खांब धुतला. दहा वाजेपर्यंत ओळीने सगळ्या दारांत पिंपं उपडी पडलेली होती. फक्त चन्नम्मांनी हौद काठोकाठ भरून वर झाकण घातलं. त्या म्हणाल्या, "मी देवावर इश्वास ठेवते. चावीवाल्यावर न्हाई."

त्रिंबकरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पहाटेची चावी बंद करून ते दुसऱ्या वस्तीतली गळती बघायला गेले, साडेचारला मागच्या दाराने घरात आले आणि थेट मागच्या खोलीत जाऊन बसले. पिंग अडतीस. त्यांना भरून आलं. इयरफोन लावले, माइक चालू केला, आणि पहिल्यांदा टोळीशी बोलले. "नमस्कार. मी मेन व्हॉल्व्ह."

मग सांगोल्याचा म्हणाला, "आयला, काका हाईत व्हय?" प्रतिक्षा म्हणाली, "असू देत. काका, फक्त पावलं ऐका."

त्यांनी ऐकली. त्या संध्याकाळी त्रिंबकराव जे खेळले ते बघायला गल्लीतलं कोणी नव्हतं, ही फार वाईट गोष्ट झाली. गोदामामागचे दोघे, टेकडीवरचा एक, पुलाखालून येणारे तिघे, सगळे त्यांनी आधी ऐकले. शेवटी शत्रूचा एकच जण उरला आणि इकडचे मेनभाई आणि प्रतिक्षा. मेनभाई गवतात पालथे पडले होते, श्वास रोखून. तेवढ्यात पावलं ऐकू आली. खूप पावलं. त्यांना कळेना, एका माणसाला इतके पाय कसे?

ती पावलं घरातली होती. तरुण मंडळाचे अध्यक्ष अनिलकुमार शाल आणि नारळ घेऊन सत्काराला आले होते आणि मागे सगळी गल्ली होती. अनिलकुमारांच्या अंगात भाषण सतत तयार असायचं, त्यांना फक्त निमित्त लागायचं. रंभाबाई नको नको म्हणत असताना मंडळी बोळकांडीतून मागच्या खोलीत घुसली. पिंपं नसल्यामुळे बोळकांडी मोकळीच होती.

"ज्यांनी आपल्या गल्लीला उद्यापासून रोज पाणी मिळवून दिलं," अनिलकुमार सुरू झाले, "ते आपले लाडके चावीवाले..." आणि त्यांनी मोबाइलात डोकं खुपसून बसलेल्या त्रिंबकरावांच्या खांद्यावर शाल टाकली. शालीचं टोक डोळ्यावर आलं. त्रिंबकरावांना काही दिसेना. पण इयरफोनमध्ये, त्या सगळ्या टाळ्यांच्या खाली, एक पाऊल वाजलं. डावीकडे, भिंतीजवळ. त्यांनी न बघता तिकडे गोळ्या झाडल्या.

टोळी जिंकली. कानात पोरं ओरडत होती आणि कानाबाहेर गल्ली टाळ्या वाजवत होती. त्या एका क्षणी त्रिंबकराव सर्वगोड इतके सुखी होते, की सगळा आनंद एकाच गोष्टीचा आहे असं त्यांना वाटलं. मग त्यांनी एका कानातला इयरफोन काढला आणि विचारलं, "रोज पाणी? कुणी सांगितलं?"

"तुमीच की. पिंपं उपडी घातली की तुमी."

"ती मी... ते माझं वेगळं काम होतं. पुढचं पाणी शुक्रवारी."

मग एक बाई म्हणाली, "चन्नम्माचा हौद," आणि सगळी गल्ली ज्या दाराने आली त्याच दाराने धावत सुटली. शाल त्यांच्या अंगावर राहिली. नारळ मात्र अनिलकुमारांनी आठवणीने परत नेला.

माइक चालूच होता. उरलेल्या कानात प्रतिक्षाचा आवाज आला, पण त्यातलं पुणं कुठल्या कुठे गेलं होतं. "काका, तुमी आपले चावीवाले हाव व्हय? मी इथं मागच्या गल्लीतली. आमच्या आईनं पण सगळं वतून दिलंय ओ. खरंच उद्या येणार न्हाय?"

"न्हाय," त्रिंबकराव म्हणाले.

"मग आता ओ?"

"चन्नम्माबाईंच्या हौदावर जा. पळ."

ती पळाली असावी, कारण पुढे काही ऐकू आलं नाही. रंभाबाई दारात घागर घेऊन उभ्या होत्या. "झालं का जिंकून?" त्या म्हणाल्या. "आता तुमीपण पळा."

ते गेले तेव्हा रांग कोपऱ्यापर्यंत पोचली होती. चावीवाल्याला कोणी पुढे घेतलं नाही, आणि त्यांनीही ते मागितलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी कोणी पाण्याबद्दल बोलत नव्हतं, कारण कोणी बोलतच नव्हतं. त्यांचा नंबर येईपर्यंत हौदाचा तळ दिसायला लागला होता. चन्नम्मांनी बादलीने खरवडून अर्धी घागर भरून दिली. "येन्री चावीवाले," त्यांनी कानडीत हाक मारली, "दुसऱ्याकडं पाणी मागताना कसं वाटतंय, ते आता तुमाला कळलं असंल." त्रिंबकरावांनी मान हलवली आणि घागर खांद्यावर घेतली.

पुढचे चार दिवस त्यांच्या घरात पिंग पस्तीसच्या वर गेला नाही, आणि ते एकदाही खेळायला बसले नाहीत. पोरं आता दुसऱ्याला घेतील हे त्यांनी धरूनच चाललं होतं. गुरुवारी संध्याकाळी प्रतिक्षाचा निरोप आला. काका, टी-शर्ट आलेत. तुमचं माप मोठं सांगितलं होतं. रविवारी पुढची स्पर्धा आहे, तुमच्याशिवाय नाही खेळणार. खाली आणखी एक ओळ होती. आई विचारतेय, उद्याचं पाणी नक्की साडेपाचलाच ना?

त्रिंबकरावांनी तो निरोप तीन वेळा वाचला. पहिल्यांदा वरच्या ओळीसाठी आणि दुसऱ्यांदा खालच्या. तिसऱ्यांदा, यातली कोणती ओळ लिहिण्यासाठी पोरीने मोबाइल हातात घेतला असेल, ते शोधत होते. ते काही सापडलं नाही. मग त्यांनी उत्तर लिहिलं, "साडेपाचलाच," आणि बराच वेळ थांबून त्याखाली, "रविवारी येतो."

रविवारी ते गेले, नंतरही जात राहिले. टोळी त्यांच्यासाठी थांबते, अजून थांबते. फक्त ती कोणासाठी थांबते, मेनभाईसाठी की चावीवाल्यासाठी, हे विचारायचं धाडस त्यांना झालेलं नाही.